पाच वेळा वजन उतरवलं, पाचही वेळा परत आलं. आता सुरू करायला मनच होत नाही

शिवणवाली | १० नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४३, उंची ५ फूट, वजन ७८ किलो. घरीच शिलाईकाम करते. दिवाळीची गर्दी सरली, म्हणून आज लिहायला बसले. गर्दीच्या दोन महिन्यांत मशीन सकाळी ९ ला सुरू होतं ते रात्री ११ ला थांबतं, आणि तेवढा वेळ मी स्टुलावरच असते.

गेल्या नऊ वर्षांत पाच डाएट केले. पहिल्यांदा साखर आणि भात बंद केला, ४ किलो उतरलं. नंतर तालुक्याला एक शेक पाजणारं केंद्र निघालं होतं, तिथे दोन महिने गेले. त्याचे पैसे भरायला ४० ब्लाऊज शिवावे लागले. ६ किलो गेलं, डबा संपला तसं ७ किलो आलं. मग सात दिवसांचा फळं-भाज्यांचा केला, त्याचं सांगण्यासारखं काही नाही. चौथा भाकर-पोळी पूर्ण बंदचा, नुसती अंडी आणि पनीर. पनीर आमच्या गावात मिळत नाही. घरच्यांसाठी वेगळा आणि माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करून दीड महिन्यात थकले. पाचवा दिवसातून दोनदाच जेवायचा. तो मला खरंच मानवला होता, चार महिन्यांत ८ किलो उतरलं. मग सोयाबीन सोंगणीला आलं, १४ माणसांचा स्वयंपाक घरून जायचा, आणि त्या धावपळीत तो सुटला तो सुटलाच.

शिवणाऱ्या बायांना ठाऊक असतं, ब्लाऊज शिवताना आत थोडी माया ठेवतात. अंग भरलं तर टीप उसवून सोडता यावी म्हणून. माझ्या पेटीतल्या एकाही ब्लाऊजात आता माया उरलेली नाही. शेवटच्या ब्लाऊजची गेल्या आठवड्यात उसवली, भाचीच्या साखरपुड्यासाठी. उसवताना हात थांबला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्या साखरपुड्यात पंगत खाली सतरंजीवर होती. जेवण झालं आणि मला उठता येईना. एका बाजूने माझ्या मुलीने, दुसऱ्या बाजूने जावेने हात धरला तेव्हा उठले. कोणी हसलं नाही. मुलगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि रात्री येऊन माझ्या पायाशी बसली.

आईला १६ वर्षांपासून शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ड्रेसिंगला मीच न्यायचे. तेव्हा वाटलं, याहून मोठं कारण आणखी कोणतं हवं? बारा दिवस पहाटे उठून चालले. मग पावसाची झड लागली आणि जाणं बंद झालं. एवढी मोठी भीती, ती बारा दिवस पुरली.

मला नवीन डाएट विचारायचा नाही. सगळं पाठ आहे. मला एवढंच विचारायचं आहे की सहाव्यांदा सुरू करायला मन कुठून आणायचं?

रोखठोक | १० नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, राग मानू नका. तोंडावर ताबा नसला की असंच होतं. निश्चय हवा. कमी खा, जास्त चाला, एवढं साधं आहे.

वऱ्हाडी_माय | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

काहून बाप्पा असं बोलून रायले भाऊ? जिनं पाच येळा तोंड बांधलं, थे बी घरच्या साऱ्याईले रांधून-वाढून, तिच्यात निश्चय नाई म्हंता? घरात पुरन शिजून रायलं अन् आपुन काकडी खाऊन बसायचं, येक दिवस करून पाहा.

पोरी, मी ६१ वर्साची हावो. तुले येकच गोठ इचारतो. तू जेवतं कवा? अन् कायच्यात जेवतं?

पांदणवाट | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

शिवणवाली ताई, मी बुलडाणा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षक आहे. वय ५२. मीही चार वेळा उतरवून चार वेळा चढवलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रोखठोक भाऊंनी निश्चयाचं म्हटलं. मीही स्वतःला वर्षानुवर्षं तेच म्हणायचो. मग एक जुना प्रयोग वाचनात आला. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे निम्म्या पोटी ठेवलं होतं. ही मुलं स्वतःहून आलेली, निश्चयाची पक्की. तरी थोड्याच दिवसांत त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं घेऊन बसू लागले. चिडचिड, उदासी, सतत थंडी वाजणं. शरीराने आपला रोजचा खर्चच कमी करून टाकला. आणि पुन्हा पोटभर मिळायला लागलं तेव्हा कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. ताई, शेकचा डबा संपल्यावर तुमचं जे झालं ते हेच. दुष्काळ पाहिलेला शेतकरी पुढच्या वर्षी दाणा जास्त साठवतो, त्याला कोणी हावरा म्हणत नाही.

माझं कशाने जमलं ते सांगतो. आमच्या शेतीपंपाची लाइन कधी रात्री, कधी पहाटे येते. मोटर चालू करायला मी गाडीने वावरात जायचो. तीन वर्षांपूर्वी गाडीचा क्लच गेला आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. पांदणीने, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेने, पायी जायला लागलो, जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर. हरभऱ्याला पाणी तर द्यायचंच होतं, त्यामुळे आज मन आहे की नाही हा प्रश्नच उरला नाही. महिन्याने गाडी दुरुस्त झाली. मी मात्र पायीच जात राहिलो. अडीच वर्षांत ११ किलो उतरलं, आणि पहिल्या तीन महिन्यांत काटा फक्त सव्वा किलोने हलला होता.

मन आधी येतं आणि मग माणूस चालतो असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत ते उलटं झालं. तुमच्याकडे असं एखादं काम आहे का, जे तसंही करावंच लागतं?

पांढराकोट | ११ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गुरुजींनी बरोबर सांगितलं. त्यात भर घालते.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जाड व्यक्तींना १० आठवडे अतिशय कमी आहार देऊन वजन उतरवलं आणि मग वर्षभर त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, मोजली. वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि पोट भरल्याचं सांगणारी उतरलेलीच होती. म्हणजे झटकन वजन उतरवलेल्या माणसाला खरोखर जास्त भूक लागते. ती भूक खोटी नसते, त्यामुळे तिची लाज वाटून घेण्याचं काही कारण नाही.

दुसरं, पहिल्या आठवड्यात जे दोन-अडीच किलो झरकन जातात त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीर साखरेचा थोडा साठा ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भाकर-भात बंद केला की साठा संपतो, पाणी जातं. पुन्हा खाल्लं की पाणी परत. सात दिवसांच्या डाएटचा चमत्कार बहुतेक एवढाच.

ताई, तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३३ च्या पुढे जातो. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपली चरबी पोटाभोवती लवकर साठते. तुमच्या हातात तर रोज टेप असते. साडी नेसतो तिथे न मोजता, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून मोजा. बायांसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा आहे.

आईला शुगर आहे, तेव्हा आधी तुमची शुगर आणि बीपी तपासा. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी उपकेंद्रावर मोफत होते, आशाताईंना विचारा. थायरॉइडचं डॉक्टरांना विचारा. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. काही गोळ्यांनीही वजन वाढतं, म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.

आणि ७८ चे ५५ करायचं डोक्यातून काढा. २००२ मध्ये अमेरिकेत तीन हजारांवर लोकांचा अभ्यास आला. त्यांची शुगर काठावर होती. वजन ७ टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच ठरवून दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७८ चे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. २००६ मध्ये चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याकडच्या लोकांवर तसाच अभ्यास केला. तिथे तर वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी खाण्यापिण्यातला बदल आणि चालणं यामुळे मधुमेहाचा धोका २८ टक्क्यांच्या वर कमी झाला. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्या बाया मी रोज पाहते. त्यांना हेच सांगते, की काट्याला दिसत नाही तेही शरीरात घडत असतं.

शिवणवाली | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे उत्तर वाचून डोळे भरून आले. नऊ वर्षांत मला कोणीच सांगितलं नव्हतं की ती भूक खरी होती.

काकू, तुम्ही विचारलं तेव्हा आधी वाटलं, हा काय प्रश्न. मग आज दिवसभर लक्ष ठेवलं. सकाळी चहा, नंतर गिऱ्हाईक आलं की चहा. आमच्याकडे आलेल्या बाईला चहा विचारला नाही तर चालत नाही, आणि तिच्यासोबत आपणही घेतोच. आज पाच झाले, प्रत्येकात दोन चमचे साखर. सासरे १२ ला जेवतात, हे १ ला, मुलं शाळेतून आली की. माझं ३ वाजता. रात्री साडेदहा.

आणि कशात जेवते? ताट घेतच नाही. गंजात उरलेल्या वरणात भात कालवते, मुलाने सोडलेली अर्धी पोळी, तव्यावरची शेवटची, कढईला लागलेली भाजी पोळीने पुसून. उभ्यानेच, नाहीतर ओट्याशी बसून. किती खाल्लं ते मलाच सांगता येणार नाही. एका भांड्यात थोडं, दुसऱ्या भांड्यात थोडं.

वऱ्हाडी_माय | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

मले मालूमच होतं. माहंबी ३० वर्स तसंच गेलं. अन्न टाकाचं नाई म्हून पोटात टाकलं. पोट काय उकिरडा हाये? उरलं तं गाईले घाल, कुत्र्याले घाल, लछमीचा अपमान होत नाई.

डायट-फायट राहू दे. आधी ताट घे. तुह्या नावाचं येक ताट, येक वाटी, येक गिलास. सासऱ्याले वाढलं का आपलंबी वाढून घ्याचं अन् खाली मांडी घालून बसाचं. मांडी पुरी नाई आली तं पाटावर बस. दीड भाकर असो का दोन, पन ताटात. येक महिना दुसरं कायबी करू नको.

रोखठोक | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

काकूंचं वाचून आईला फोन केला. विचारलं, तू कधी जेवते. तुमच्या बाबांचं झाल्यावर, म्हणाली. ताट घेते का विचारलं तर गप्प बसली. आईचंही वजन खूप आहे, आणि मी तिला दरवेळी तेच सुनावत आलो जे इथे लिहिलं. ताई, माफ करा.

धानपट्टा | १४ नोव्हेंबर, दुपारी १:००

मी गोंदिया जिल्ह्यातली. आमच्याकडे सगळं भातावर चालतं. डाएट सांगणारा प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात भात सोडा म्हणतो. धान पिकवणाऱ्या घरात भात सोडून करायचं काय? मी भात सोडला नाही. आधी वाटीभर भाजी, मग वाटीभर घट्ट वरण, मग भात, असा क्रम लावला, आणि भात वाटीने मोजून घ्यायला लागले. आधी तीन वाट्या लागायचा, आता सव्वा पुरतो. लाखोरीची, तरोट्याची, पाथरीची भाजी त्या-त्या दिवसांत फुकट मिळते. वर्षभरात ५ किलो कमी झालं. फार नाही, पण परत आलेलं नाही.

पांदणवाट | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

धानपट्टा ताईंनी पटेल असं सांगितलं. आमच्याकडे ज्वारीची भाकर रोजची होती. ज्वारीचं वावर सोयाबीनने घेतलं आणि ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला. आता भाकर पाहुण्यांना कौतुकाने करतात.

शाळेत सातवीच्या मुलांना परवा एक गणित घातलं. घरात ५ माणसं, महिन्याला ६ लीटर तेल, तर माणशी रोज किती? उत्तर ४० मिली आलं. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, म्हणजे माणशी सव्वातीनशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या. मुलांनी घरी जाऊन आयांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दोन आया शाळेत आल्या, त्यांना वाटलं मास्तर तर्री बंद करायला सांगतो. तर्री बंद करू नका, फोडणीला डब्यातून धार सोडता तिथे पळी वापरा, एवढंच त्यांना सांगितलं.

जिनिंगवाला | १९ नोव्हेंबर, रात्री ११:५०

वजन कमी करायची इंजेक्शनं निघाली म्हणतात. खरं आहे का? मी १०४ किलो आहे, जिनिंगमध्ये रात्रपाळी करतो.

पांढराकोट | २० नोव्हेंबर, दुपारी १:३०

खरं आहे, आणि औषध काम करतं. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, खर्च मोठा आहे, मळमळ-उलटीचा त्रास अनेकांना होतो. त्यातलं सेमाग्लुटाइड नावाचं औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला असं २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं. भाऊ, १०४ किलो आणि रात्रपाळी म्हणजे आधी बीपी, शुगर आणि झोप. झोपेत घोरता का, श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

शिवणवाली | १८ डिसेंबर, रात्री ९:५०

महिना झाला म्हणून कळवते.

ताट घेतलं. मुलीने स्टीलचं एक ताट वेगळं काढून त्यावर नेलपॉलिशने छोटं फूल काढलं. पहिल्या दिवशी सासऱ्यांना वाढून मीही समोर ताट घेऊन बसले, तेव्हा हात थरथरत होते. लग्नाला २२ वर्षं झाली, दुपारी साडेबाराला मी कधी जेवले नव्हते. सासरे काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, तुझं ताट कुठे आहे?

ताटात वाढलं आणि पहिल्यांदा दिसलं, माझं पोट दोन भाकरी, भाजी, वरण, कांदा एवढ्यात भरतं. त्याच्या वरचं सगळं भांड्यांमधून जात होतं. साडेबाराला जेवलं की ४ वाजता चिवडा खावासा वाटत नाही. उरलेलं गाईला घालते. चहा गिऱ्हाइकाला पूर्ण कप, मला अर्धा, बिनसाखरेचा. पहिले आठ दिवस जड गेलं, आता सवय झाली.

उपकेंद्रावर तपासलं. उपाशीपोटीची शुगर ११४ आली. मॅडम म्हणाल्या, १०० च्या पुढे म्हणजे काठावर आहे. मध्यावर मोजलेली कंबर साडेअडतीस इंच. वजन ७७.

गुरुजी, तुम्ही विचारलं होतं ना, असं कोणतं काम? शिवलेले कपडे गिऱ्हाईक घरी येऊन नेतात. आता मी संध्याकाळी साडेपाचला स्वतः पोचवायला निघते. गावभर फिरून टाकळीच्या वाटेवरच्या वस्तीपर्यंत, ४० मिनिटं. कपडे तर द्यायचेच असतात. पैसेही लवकर वसूल होतात.

वऱ्हाडी_माय | १९ डिसेंबर, सकाळी ६:१५

माय वो! सासऱ्यानं ताट इचारलं, हे वाचून मी घरात साऱ्याईले सांगतलं.

शिवणवाली | १७ जानेवारी, रात्री १०:०५

यावेळी चांगलं सांगायला काही नाही. आईला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं, ९ दिवस तिथेच होते. आलूबोंडे, बिस्किटं, मिळेल ते खाल्लं. घरी आल्यावर संक्रांत. काट्यावर उभी राहिले तर पुन्हा ७८. रात्री वाटलं, झालं, हा सहावा. पण दुपारी साडेबाराचं जेवण वाढताना सासऱ्यांच्या शेजारी माझंही ताट मुलीने आधीच मांडून ठेवलं होतं. बसले.

पांदणवाट | १८ जानेवारी, सकाळी ७:३०

ताई, माझ्या अडीच वर्षांत असं चार वेळा झालं. वडील गेले तेव्हा दीड महिना पांदण पाहिली नाही. आईची तब्येत आता कशी आहे?

शिवणवाली | १८ जानेवारी, रात्री ९:००

जखम भरते आहे. थोडं थोडं चालते. विचारलंत, बरं वाटलं.

शिवणवाली | १४ मार्च, रात्री ९:४०

चार महिने झाले. वजन साडेपंच्याहत्तर, कंबर ३७, शुगर १०३. उन्हं तापायला लागली म्हणून कपडे पोचवायला आता सकाळी साडेसहाला निघते, मुलगी सोबत येते. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा साडेपाचलाच निघावं लागेल.

काल चुलतसासऱ्यांकडे तेरवीची पंगत होती, खालीच. एक हात जमिनीला टेकवून आपली आपण उठले. मुलगी वाढायला उभी होती, तिने पाहिलं.

साखरपुड्याचा तो ब्लाऊज आज मशीनवर घेतला आणि दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच टीप आत घातली. तेवढी माया परत आली.

वऱ्हाडी_माय | १५ मार्च, सकाळी ६:१०

थे सारं बेस हाये. आज काय जेवली थे सांग.

शिवणवाली | १५ मार्च, दुपारी १:२०

ज्वारीची दीड भाकर, चिवळीची भाजी, जवसाची चटणी, ताक. १२:४० ला. ताटात.